आवडता चित्रकार कोण गं तुझा?

आवडती गायिका कोण, असं विचारलं की आपल्यापैकी कुणीही क्षणभरसुद्धा थांबत नाही. लताबाई, आशाताई, किशोरीताई... भराभर नावं येतात. आवडता लेखक विचारा, पु. लं.पासून गौरी देशपांडेंपर्यंत यादी होते. नट-नट्यांचं तर विचारूच नका! पण ‘तुमचा आवडता चित्रकार कोण?’ असं विचारलं, की बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागतात. मग एखादी हळूच म्हणते, ‘‘आम्हाला नाही बाई चित्रातलं काही कळत!’’

आमच्या महिला मंडळात, बचत गटात, हळदीकुंकवाला जमलेल्या घोळक्यात, सगळीकडे हेच वाक्य मी ऐकलंय. आणि ते मला कधीच पटलेलं नाही. मोरपंखी साडीवर कुठला ब्लाऊज शोभेल हे जिला लांबूनच कळतं, नैवेद्याचं पान वाढताना हिरवी चटणी, लाल कोशिंबीर आणि पिवळं वरण कुठे कसं उठून दिसेल हे जिचा हात न सांगता जाणतो, जी ठिपके न मोजता दारात रांगोळी काढून मोकळी होते, तिला चित्रातलं कळत नाही? असं कसं होईल! कळतं, पण ‘कळतं’ असं म्हणायची भीती वाटते. चित्र म्हणजे मुंबईतल्या मोठ्या गॅलऱ्या, इंग्रजीत बोलणारे लोक, कोटी-कोटींच्या किमती. आपला काय संबंध, असं आपण धरूनच चालतो.

मी चित्रकला शिकलेली नाही. बी. ए. केलं ते मराठी आणि इतिहास घेऊन. पण वाचनालयातली जुनी मासिकं, मुलांच्या सहलींबरोबर पाहिलेली संग्रहालयं आणि बायकांबरोबर काम करताना बघितलेल्या भिंती यांतून काही चित्रकार माझ्या मनात घर करून बसलेत. ते मला का आवडतात, ते आज तुम्हाला सांगणार आहे. बघा, तुम्हालाही तुमचं एखादं नाव सापडतंय का!

दिवाळी अंकावरची ‘ती’

सुरुवात अगदी घरातूनच करू. आपल्या आई-आजीच्या पिढीने सर्वांत जास्त पाहिलेला चित्रकार कोण असेल, तर तो दीनानाथ दलाल. गोव्यात १९१६ साली जन्मलेल्या या चित्रकाराने १९४५मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. त्या अंकाची मुखपृष्ठं, शेकडो पुस्तकांची वेष्टनं, कॅलेंडरं यांतून दलालांची चित्रं खेड्यापाड्यातल्या घरांत जाऊन पोचली. तिकीट काढून कुठे बघायला जायची गरजच नव्हती, चित्रच फराळाच्या ताटाशेजारी येऊन बसायचं.

दलालांच्या बायका मला आवडतात त्या त्यांच्या डौलामुळे. डोक्यावर घागर असो, हातात फुलांची परडी असो, मान कशी ताठ! अंबाड्याची वळणं, पदराचा घोळ, पायातल्या जोडव्यांपर्यंत सगळं निगुतीने काढलेलं. थोड्या स्वप्नातल्या वाटतात हे खरं. चुलीच्या धुराने डोळे लाल झालेली बाई दलालांच्या मुखपृष्ठावर सहसा भेटत नाही. पण वर्षातून एकदा कुणीतरी आपल्याला इतकं सुंदर बघतंय, याचंही सुख असतं की नाही?

दुसरं चित्र तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. उजवीकडे-डावीकडे कुठेही न बघता, हातातल्या दिव्याच्या ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा करून उभी असलेली साडीतली स्त्री. बोटांमधून झिरपणारा लालसर उजेड, चेहऱ्यावर पडलेली सोनेरी आभा आणि मागे अंधार. किती तरी लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. पण ते आहे सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं. चित्राचं नाव ‘ग्लो ऑफ होप’, म्हणजे आशेचा उजेड. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते जपून ठेवलंय. त्यांनी ते जलरंगात केलं. तेलरंगात चुकलं तर वरून दुरुस्ती करता येते, पण पाण्याच्या रंगात एकदा डाग पडला की पडला! आणि चित्रातली ती स्त्री कुणी राजकन्या नाही, हळदणकरांची स्वतःची मुलगी गीता. बापाने मुलीला दिवा हातात देऊन उभं केलं आणि तो उजेड कायमचा धरून ठेवला. वारा सुटल्यावर तुळशीपुढचा दिवा आपण अगदी असाच हात धरून नेतो. म्हणूनच ते चित्र बघताना समजावून सांगायला कुणी लागत नाही.

घर सांभाळून चित्रं

आता जरा लांब, कोलकात्याला जाऊ. तिथल्या जोडासाँको भागातल्या ठाकूरवाड्यात, म्हणजे रवींद्रनाथांच्या घराण्यात, १८७५ साली सुनयनी देवींचा जन्म झाला. रवींद्रनाथ त्यांचे काका लागत. अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे त्यांचे सख्खे भाऊ, दोघेही नावाजलेले चित्रकार. भावांनी चित्रं काढायची आणि बहिणीने जाता-येता बघायची, असं बालपण. बाराव्या वर्षी लग्न झालं. मग संसार, मुलंबाळं, मोठं कुटुंब. तिशीच्या सुमारास या बाईंनी कुंचला हातात घेतला. शिकवायला कुणी नाही. घरात लहानपणापासून पाहिलेली देवादिकांची चित्रं आणि बंगाली पट हेच त्यांचे गुरू. राधा, कृष्ण, गवळणी, मोठाल्या अर्धमिटल्या डोळ्यांच्या बायका... कागदावर रंग लावायचा, तो पाण्याने धुऊन सौम्य करायचा, पुन्हा लावायचा.

मला भावतं ते हे, की चित्रं काढण्यासाठी त्या घर सोडून कुठे गेल्या नाहीत. घरातल्या गडबडीतच, सगळीकडे लक्ष ठेवत त्यांचा कुंचला चालायचा. आणि १९२२मध्ये कोलकात्याला जर्मनीतल्या बाऊहाउस या प्रसिद्ध कलाशाळेतल्या कलावंतांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्याच प्रदर्शनात सुनयनी देवींचीही चित्रं मांडली होती. कुठे जर्मनी आणि कुठे ती अंतःपुरातली गृहिणी!

‘मुलं मोठी झाली की करू’, ‘सुनेच्या हाती घर दिलं की करू’ असं आपण किती गोष्टींबद्दल म्हणतो. सुनयनी देवींचं उदाहरण मी आमच्या गटात नेहमी सांगते. एकदा एकजण चटकन म्हणाली, ‘‘ताई, ठाकुरांच्या घरी नोकर-चाकर होते. माझ्याकडे कोण आहे?’’ तिचं म्हणणंही अगदी खरं आहे. फुरसत ही सगळ्यांना सारखी मिळत नाही. म्हणूनच पुढे जी बाई येणार आहे, तिची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. पण त्याआधी दोघींना भेटू.

न बोलणाऱ्या तिघी

अमृता शेरगिलचं नाव बऱ्याच जणींनी ऐकलेलं असेल. वडील पंजाबी शीख, आई हंगेरियन, जन्म १९१३चा, बुडापेस्टचा. चित्रकलेचं शिक्षण पॅरिसला. एवढं सगळं परदेशी असूनही या मुलीला ओढ लागली ती हिंदुस्थानची. १९३४च्या शेवटी ती परत आली आणि १९३५मध्ये तिने ‘तीन मुली’ हे चित्र काढलं. याच चित्राला पुढे मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं.

चित्रात फार काही घडतच नाही. तीन तरुण मुली शेजारी शेजारी बसल्यात. कपडे लाल, हिरवे, भगवट. पण चेहरे? एकीचीही नजर वर नाही. एकमेकींशीही बोलत नाहीत. कशाची तरी वाट बघतायत, आणि जे येणार आहे ते आपल्याला विचारून येणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. हे चित्र मी पहिल्यांदा एका मासिकात पाहिलं आणि मला एकदम ‘बघण्याचा कार्यक्रम’ आठवला! चहाचे कप घेऊन खाली मान घालून बसलेल्या किती मुली मी पाहिल्यात. समाजकार्याच्या निमित्ताने ज्यांच्या घरी गेले, त्या किती तरी घरांत कोपऱ्यात असाच एक चेहरा असायचा. पॅरिसला शिकून आलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला तो नेमका कसा दिसला असेल?

पुढे अमृता अजिंठ्याला आली. तिथली चित्रं पाहून भारावली, तिथून दक्षिणेत गेली. त्यानंतर १९३७मध्ये तिने ‘वधूचा शृंगार’ काढलं. लग्नाची तयारी चाललीय, पण नवरीच्या चेहऱ्यावर हसू नाही. नवरीला सजवतात तेव्हा घरात केवढा गलका असतो, पण त्या गलक्यात नवरी किती एकटी असते, हे त्या चित्रात दिसतं.

डिसेंबर १९४१मध्ये लाहोरला अमृता गेली. वय अवघं अठ्ठावीस. तिची बरीच चित्रं दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. २०२३मध्ये तिचं एक चित्र लिलावात एकसष्ट कोटींहून जास्त किमतीला गेलं, तेव्हा सगळ्या पेपरांत बातमी आली होती. आकडा मोठा खराच, पण मला त्या तिघी मुलींपुढे तो आकडा आठवतसुद्धा नाही.

नागपूरकडची प्रभा

अमृताच्या चित्रांनी भारावलेली एक मुलगी आपल्या विदर्भात होती, हे फारसं कुणाला माहीत नसतं. बी. प्रभा. जन्म १९३३चा, नागपूरजवळच्या बेला गावचा. नागपूरला चित्रकला शिकून ती मुंबईला ‘जे. जे.’मध्ये आली. त्या काळी एका गावातली मुलगी चित्रकार व्हायचं म्हणून मुंबई गाठते, हीच केवढी मोठी गोष्ट! पुढे शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी लग्न झालं आणि दोघांनी मिळून कलेचा संसार केला. एअर इंडियाने चित्रं जमवायला सुरुवात केली, त्या सुरुवातीच्याच काळात प्रभाबाईंची चित्रं त्यांनी घेतली होती.

प्रभाबाईंच्या बायका दलालांसारख्या गोल-गरगरीत नाहीत. उंच, शेलाट्या, लांब मानेच्या, सावळ्या. टोपली घेऊन बसलेल्या कोळणी, मूल कडेवर घेतलेल्या आया, दुष्काळात कोरड्या जमिनीवर टेकलेल्या कष्टकरी बाया. मागे सगळा एकच रंग पसरलेला, कधी निळा, कधी मातकट. त्या रंगात ती बाई एकटीच. पण बिचारी नाही वाटत हं! थकलेली आहे, तरी कणा ताठ आहे. आठवडी बाजारात दुपारी तीनच्या उन्हात उरलेली भाजी पुढ्यात घेऊन बसलेली बाई नीट बघा, तुम्हाला बी. प्रभांचं चित्र दिसेल. २००१मध्ये त्या गेल्या. विदर्भातल्या किती शाळकरी मुलींना त्यांचं नाव माहीत असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

भिंतीवरून कागदावर

आता ती, जिची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. गंगादेवी. बिहारच्या मिथिला भागातली, जन्म १९२८चा. तिकडे लग्नघरात ‘कोहबर’ रंगवतात. नवरा-नवरीच्या खोलीच्या भिंतीवर कमळं, बांबू, मासे, देवदेवता. हे काम पिढ्यान् पिढ्या बायकांचंच. आईने मुलीला, सासूने सुनेला शिकवायचं. बाहेरच्यांना त्याचा पत्ताच नव्हता. १९३४च्या भूकंपात घरं कोसळली, तेव्हा पाहणीला गेलेल्या आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला पडक्या भिंतींच्या आत ही चित्रं दिसली आणि तो थक्क झाला.

पुढे १९६६-६७मध्ये बिहारात मोठा दुष्काळ पडला. लोकांच्या हाताला काम हवं होतं. तेव्हा हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी तिकडे एका चित्रकाराला पाठवलं. तो होता मुंबईचा, आपला मराठी माणूस, भास्कर कुलकर्णी. गावोगाव फिरून त्याने बायकांना कागद दिले आणि सांगितलं, भिंतीवर काढता ते यावर काढा. कागद विकला जाऊ शकतो, भिंत नाही!

गंगादेवींच्या वाट्याला आलेला संसार सुखाचा नव्हता. मूल नाही म्हणून नवऱ्याने दुसरी बायको केली. अशा वेळी हातातली रेघ तेवढी स्वतःची उरली. त्यांची रेघ इतकी बारीक आणि सलग, की बघताना भरतकामातल्या टाक्यांची आठवण व्हावी. जन्मापासूनचे संस्कार, बाईच्या आयुष्याचे टप्पे त्यांनी ‘मानव जीवन’ या चित्रमालेत काढले. १९८४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या भारत महोत्सवासाठी गेल्या, तर तिथल्या जत्रेतला गरगर फिरवणारा रोलर कोस्टरही आपल्या मिथिलेच्या रेघेत पकडला! आणि मग कॅन्सर झाला. दिल्लीत उपचार सुरू असताना त्यांनी आपल्या आजाराचीच चित्रं काढली. दवाखान्याची वाट, खाटा, डॉक्टर, तपासण्या... ज्या हाताने लग्नाची कमळं काढली, त्याच हाताने.

कॅन्सर वॉर्डात आमच्या गटातल्या एका मैत्रिणीजवळ बसायची वेळ माझ्यावर आली होती. ‘दुखतंय’ यापलीकडे तिला काही सांगता येत नव्हतं, आणि मला काही विचारता येत नव्हतं. गंगादेवींची ती चित्रं पाहिली तेव्हा वाटलं, जे बोलता येत नाही ते सांगायला माणसाकडे दुसरी काहीतरी वाट असायलाच हवी. १९९१मध्ये त्या गेल्या.

भास्कर कुलकर्णींचं आणखी एक ऋण आपल्यावर आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते डहाणूकडे वारली पाड्यांवर गेले. गेरूच्या नाही तर शेणाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायचा, त्यात पालघाट देवी मांडायची, हे तिथेही सुवासिनींचंच काम. पण तिथे त्यांना एक पुरुष भेटला, जो लग्नकार्य नसतानाही रोज चित्रं काढत बसायचा. जिव्या सोमा मशे. लहानपणी आई गेली, तेव्हापासून हा मुलगा बोलेनासा झाला होता आणि मातीत रेघोट्या ओढून मनातलं सांगायचा. त्यांची माशाच्या जाळ्याची चित्रं बघा. हजारो बारीक रेघांचं जाळं अख्ख्या कागदभर पसरलेलं आणि त्यात इवलीशी माणसं. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते गेले. मशे मला अतिशय आवडतात. तरीही मनात येतंच, त्यांच्या आधी शेकडो वर्षं ज्या सुवासिनींनी चौक लिहिले, त्यांतल्या एकीचं तरी नाव आपल्याला माहीत आहे का?

पांढरी झालेली भिंत

गंगादेवींनी आजारपणातच दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात एक अख्खं कोहबर घर रंगवलं होतं. चारी भिंती भरून. २०१५मध्ये संग्रहालयाचं नूतनीकरण झालं आणि त्यात ते गेलं. जगभरातून लोक येऊन बघत होते त्या भिंती, पद्मश्री मिळालेल्या बाईचं काम, राजधानीतलं संग्रहालय, आणि तरी ते राहिलं नाही.

मग आपल्या गावातल्या भिंतींचं काय? आमच्याकडे बायकांनी आठ दिवस खपून एका सार्वजनिक इमारतीची भिंत रंगवली होती. दिवाळीच्या आधी त्यावर चुना फिरला. कुणी विचारलंही नाही. बायका म्हणाल्या, ‘‘जाऊ दे ताई, आपलंच होतं ते, परत काढू.’’ या ‘जाऊ दे’ने मात्र मला फार त्रास झाला.

आमच्या गटाला कापडी पिशव्या रंगवायचं काम मिळालं, तेव्हा प्रत्येकीने आपल्या पिशवीच्या कोपऱ्यात बारीक नाव घालायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, ‘‘नाव कशाला? गिऱ्हाईक नक्षी बघतं.’’ बरीच घासाघीस झाली. बाहेर नाव घालायला तो तयार झाला नाही, तेव्हा आमच्यातल्या सर्वांत वयस्कर काकूंनी तोड काढली. आतल्या शिवणीजवळ नाव आणि साल! आता प्रत्येक पिशवीच्या आत कुणाचं तरी नाव आहे. पिशवी उलटी करून झटकणाऱ्या बाईला ते कधीतरी दिसेलच.

मैत्रिणींनो, चित्र बघायला मोठ्या शहरातच जायला हवं असं नाही. सातारा जिल्ह्यात औंधला श्री भवानी संग्रहालय आहे. तिथे राजा रविवर्मा, धुरंधर यांची मूळ चित्रं बघायला मिळतात. कोल्हापूरला चंद्रकांत मांढरे यांचं संग्रहालय आहे. मुंबईला कुणाच्या लग्नाला गेलात तर एक तास काढून काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत डोकावून या, आत जायला पैसे पडत नाहीत. एका चित्रापुढे पाच मिनिटं उभ्या राहा. ‘याचा अर्थ काय’ असं आधी विचारू नका. यातली बाई कुणासारखी दिसते, हा रंग मी कुठे पाहिलाय, एवढंच स्वतःला विचारा. आवडलं तर का, नावडलं तर का, ते शेजारणीला सांगा.

आणि घरात बघा जरा. आजीची दुपट्यावरची नक्षी, आईने भरलेला रुमाल, सासूबाईंनी काढलेलं चैत्रांगण. ज्या अजून आहेत त्यांना विचारून, मागच्या बाजूला त्यांचं नाव आणि साल लिहून ठेवा. रांगोळीचा फोटो मोबाईलवर काढताच, त्याखाली ‘शुभ सकाळ’च्या ऐवजी एकदा काढणारीचं नाव टाका. आवडता चित्रकार कोण, असं तुमच्या नातीला उद्या कुणी विचारलं, तर तिला सांगायला एक नाव घरचंही असू दे!